छातीतला जीन

"सकाळधरून बसून राह्यले मी, आन् बाबांची आंघोळच सरंना. देवमाणसाला बी येवढा मळ आसतो का गं?"

केशरबाई हे द्वारकाबाईच्या कानात पुटपुटली. इतक्या जवळून, की तंबाखूचा वास आधी पोचला आणि शब्द मागून आले. एरवी द्वारकाबाई पदर तोंडाला लावून हसली असती. लग्न असो नाहीतर मयत, मागच्या बाजूला बसून माणसांना नावं ठेवायची, ही त्या दोघी शेजारणींची जुनी रीत होती. पण आज तिचं लक्ष नवऱ्याच्या पाठीकडे होतं. पुंजाराम पुढ्यात गुडघ्यांना मिठी मारून बसला होता. सदऱ्याखाली त्याच्या फासळ्या वर-खाली होताना मागून मोजता आल्या असत्या.

"हळू बोल," ती म्हणाली. "भुजंग ऐकंल."

"ऐकू दे की. त्याला म्हणावं, बाबा साबण कोन्ता लावतेत ते तरी सांग."

परतूरच्या स्टेशनापलीकडे एक जुनं जीन आहे. कापसातून सरकी काढायच्या कारखान्याला आपल्याकडे जीन म्हणतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत. त्या जीनची यंत्रं कधीच विकली गेली. राहिलं ते पत्र्याचं मोठं शेड आणि त्याच्या कोपऱ्यांना चिकटलेला मळकट कापूस. दोन हजार सहा सालच्या दिवाळीनंतर त्या शेडात फुंकरबाबा उतरले. ते मूळचे कुठले, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. भुजंग सांगायचा, हिमालयातून आले. हिमालयात परभणीकडची बोली कधीपासून बोलतात, हे मात्र त्याला कुणी विचारलं नाही. हा भुजंग म्हणजे गावातलाच रिकामा गडी. निवडणूक आली की कुणाचा तरी कार्यकर्ता असायचा, निवडणूक नसली की कशाचाच नसायचा. आता तो बाबांचा पट्टशिष्य झाला होता. बाबा पैशाला हात लावत नसत. हात भुजंग लावायचा.

दर गुरुवारी शेड खोकणाऱ्यांनी भरून जायचं. अंबडहून जीप भरून यायच्या, मंठ्याकडून टेम्पो यायचे. कुणाला दमा, कुणाला जुनी टीबी, कुणाला नुसतीच धूळ लागलेली. एकानं खोकायला सुरुवात केली की भजनात टाळकऱ्यांनी साथ धरावी तसे बाकीचे सुरू व्हायचे. दाराशी भिवाची गोटीसोड्याची गाडी. खोकणाऱ्या माणसाला थंड सोडा चालतो का, असं भिवानं कुणाला विचारलं नाही आणि पिणाऱ्यांनीही विचारलं नाही.

शेवटी बाबा आले. भगवी कफनी, ओले केस, डोळ्यांत काजळ. भुजंगनं जयघोष केला. शेडातले खोकले एकदम दबले.

बाबांची रीत अगदी साधी होती, म्हणून तर माणसं गार व्हायची. काचेचा पेला घ्यायचा. शेजारच्या दोन घागरींपैकी एकीतलं तीर्थ भुजंगनं त्यात ओतायचं. ते इतकं नितळ असायचं, की पेल्यापलीकडच्या बाबांच्या अंगठीतला खडा दिसायचा. मग पपईच्या पानाचा पोकळ देठ रोग्याच्या हातात द्यायचा. एक टोक पाण्यात, एक तोंडात.

"फुंक बेटा! जीव लावून फुंक!" बाबा ओरडायचे. "छातीत जे दडून बसलंय ते ह्या पाण्यात उतरंल. माणूस खोटं बोलतो, डाक्टर खोटं बोलतो, एक्सरे तर बिलकुल खोटं बोलतो. पाणी कवाच खोटं बोलत न्हाई!"

पाण्यात बुडबुडे यायचे आणि बघता बघता ते पांढरं व्हायचं. ताकासारखं.

"निघाला! जीन निघाला!" भुजंग हात वर करायचा.

"आता थांबायचं न्हाई," बाबा म्हणायचे. "फुंकतच ऱ्हायचं. जीन पाण्यात तडफडतो, आन् मरतो. मेला की पाणी निवळतं."

आज अंबडचा एक आडदांड गडी पहिल्यांदा बसला. त्याला म्हणे महिनाभर कफ होता. त्यानं गाल फुगवून, मानेच्या शिरा ताणून फुंकलं. पाणी पांढरं झालं. तो थांबला नाही, फुंकतच राहिला. आणि त्या शेकडो डोळ्यांसमोर ते पांढरं पाणी हळूहळू विरत पुन्हा नितळ झालं. शेड टाळ्यांनी दणाणलं. गडी उठून बाबांच्या पायांवर कोसळला. आपल्याच तोंडाच्या वाऱ्यानं, आपल्याच डोळ्यांदेखत असं झाल्यावर कोण कशाला शंका काढतंय?

मग पुंजारामची पाळी आली. त्यानं देठ तोंडात धरला. दोन-चार बुडबुडे आले, पाणी पांढरं झालं आणि त्याला खोकल्याची उबळ आली. परत फुंकलं, परत उबळ. डोळ्यांत पाणी आलं, ओठ काळेनिळे झाले. पेल्यातलं पाणी पांढरं ते पांढरंच.

बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "हट्टी हाय. जुना जीन हाय. लगेच न्हाई जायचा. फुडच्या गुरुवारी."

पुंजाराम द्वारकाबाईजवळ येऊन टेकला. बराच वेळ नुसता श्वास गोळा करत राहिला. मग म्हणाला, "मागल्या खेपेपेक्षा जरा कमी पांढरं व्हतं ना गं?"

"व्हय," द्वारकाबाई म्हणाली. "बरंच कमी व्हतं."

पुंजारामला काय झालंय हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, एक पुंजाराम सोडून. औरंगाबादच्या दवाखान्यात छातीत सुई घालून गाठीचा तुकडा काढला, तेव्हा डॉक्टरांनी द्वारकाबाईला बाजूला घेऊन सांगितलं. तिनं परतीच्या गाडीत डोळे पुसले आणि घर येईस्तोवर ठरवून टाकलं, की त्या रोगाचं नाव ह्यांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. ज्याला ज्याला ते नाव घेऊन सांगितलं तो महिन्या-दोन महिन्यांत गेला, असं तिनं आयुष्यभर पाहिलं होतं. रोगानं जातो की नावानं, हे कोण सांगणार? गल्लीनंही तिचं ऐकलं. कुणी म्हणायचं "मोठा आजार", कुणी म्हणायचं "ते छातीचं". केशरबाई तर काहीच बोलायची नाही. नुसतं एक बोट छातीवर टेकवायची आणि डोळे आढ्याकडे न्यायची.

आणि गंमत पाहा, गंमत म्हणायची तर. या घरातली पोर पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत नेमक्या ह्याच रोगावर काम करत होती. उषा, पुंजारामच्या थोरल्या भावाची मुलगी. आई-बाप लहानपणीच गेले. पुंजाराम जीनमधली पाळी संपवून, अंगावरचा कापूस झटकत तिला सायकलवर मागं बसवून शाळेत सोडायचा. ती शिकत गेली, शिकतच गेली. आता ती कसलं संशोधन करते असं कुणी विचारलं की पुंजाराम सांगायचा, "फुप्फुसाचं कायतरी हाय." उषा हे शोधत होती की ज्या माणसांनी बिडीला कधी हात लावला नाही, त्यांच्या फुप्फुसात ही गाठ का धरते. गाठ ज्या पेशींची बनते, त्या पेशींच्या आत वाढीचे हुकूम लिहिलेले असतात. त्यात कुठलं अक्षर बदललं की पेशी वाढत सुटतात, ते ती हुडकत होती. नानांच्या, म्हणजे पुंजारामच्या, गाठीचा तुकडा तिनं आपल्याकडे मागवून घेतला. बिडी न ओढलेल्या माणसाची ती गाठ आपल्याच घरातली असेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

काही दिवसांनी, बाबा गावात उतरायच्या आधीच, तिचा फोन आला. गल्लीच्या तोंडाशी सोहनलालच्या किराणा दुकानात रुपया टाकायचा लाल डबा होता, त्यावर.

"काकी, ऐक. त्यातल्या त्यात चांगलं आहे. नानांच्या गाठीत जो जीन बदललाय ना, त्याच्यावर चालणारी गोळी निघालीय."

"काय बदललाय?"

"जीन. पुस्तकात जनुक म्हणतात."

डब्यात खरखर झाली. "जीन म्हणलीस?" द्वारकाबाई ओरडून म्हणाली.

"हो, जीन! गाठीतला जीन! औरंगाबादचे डॉक्टर गोळी लिहून देतील. गोळी रोग मुळापासून काढत नाही, पण रेटून धरते. श्वास मोकळा होईल. आणि काकी, तोंडावर पुरळ आलं तर घाबरायचं नाही. पुष्कळदा ती गोळी लागू पडल्याची खूण असते. डॉक्टरांना दाखवायचं, गोळी आपल्या मनानं सोडायची नाही."

मागं भुजंग हातात रुपया घेऊन आपल्या पाळीची वाट पाहत उभा होता.

घरी पुंजारामनं विचारलं, "काय म्हणली उषी?"

खरा शब्द द्वारकाबाईच्या जिभेवर आलाच होता. तिनं तो गिळला आणि दुसरा जवळ होता तो पुढं केला. "तुमच्या छातीत जीन हाय म्हणली. त्याच्यावर गोळी हाय."

 पुंजाराम खोकत खोकत हसला. "आत्ता गं! उभा जलम म्या जीनमधे काढला, आन् आता जीन माझ्यात आला व्हय!"

तो हसला म्हणून तिला हलकं वाटलं. बरा शब्द सापडला. लहानसा, कुणाला न घाबरवणारा, आणि वर पुण्याच्या प्रयोगशाळेतून आलेला.

पण भुजंगच्या कानात तो शब्द वेगळाच पडला होता. आपला हा निजामाच्या राज्यातला मुलूख. पडक्या विहिरीत नाहीतर जुन्या चिंचेवर जिन्न राहतो, हे इथं हिंदूला माहीत आणि मुसलमानालाही. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं: पुंजारामला जिन्न लागला. आन् सांगितलं कुणी? येवढी शिकलेली पुतणी, तिनं!

गोळी सुरू झाली. पंधरवडा जातो न जातो तो पुंजारामचा श्वास सुटला. तो रात्री आडवा होऊन झोपायला लागला, स्टेशनापर्यंत चालत जायला लागला. नेमके त्याच दिवसांत फुंकरबाबा गावात उतरले आणि भुजंगनं बाबांच्या कानात जीनची गोष्ट घालून त्याला पहिल्या गुरुवारी नेऊन बसवलं. मग पुंजारामच्या नाकावर, गालांवर लाल पुटकुळ्या उठल्या. उषानं सांगितलेलं द्वारकाबाईला आठवत होतं. पण फोनमधला शब्द एकदाच ऐकलेला, आणि नवऱ्याचं फुललेलं तोंड सकाळ-संध्याकाळ समोर.

"काकू, जीन अंगावर फुटून राह्यला," भुजंग म्हणाला. "गोळी त्याला डिवचून राह्यली. बाबा म्हणतेत, गोळी आन् तीर्थ एका जागी नांदत न्हाईत. बघा बुवा, धनी तुमचा हाय."

द्वारकाबाईनं गोळ्यांचं पाकीट वरच्या फळीवरच्या डब्यात टाकलं.

झालं. श्वास सुटला होता गोळीनं, नाव झालं बाबांचं. गोळी बंद झाली तशा पुटकुळ्या मावळल्या, त्यातही नाव बाबांचं. आणि पुन्हा दम लागायला लागला, तेव्हा खापर फुटलं जीनच्या डोक्यावर. बाबांचं असं होतं, की काहीही घडलं तरी ते खरेच ठरायचे.

पुंजारामचं पाणी पांढरंच राहिलं, त्याच्या पुढच्या बुधवारी दुपारच्या गाडीनं उषा आली. नानांनी दार उघडलं आणि "आली का माझी पोर" एवढं म्हणायला दोनदा थांबले. तिनं पिशवी तिथंच ठेवली, स्वयंपाकघरात जाऊन फळीवरचे डबे उघडायला लागली. तिसऱ्या डब्यात पाकीट निघालं.

"काकी, हे इथं काय करतंय?"

द्वारकाबाईनं चुलीपुढं बसल्या बसल्या सगळं सांगितलं. जीन, जिन्न, पुटकुळ्या, तीर्थ. उषा आधी खुदकन हसली. मग तिनं तोंडावर हात ठेवला, आणि तो काढला तेव्हा ती हसत नव्हती.

"माझ्याच शब्दानं," ती म्हणाली. "मी आत्ता जाऊन नानांना सांगते, काय झालंय ते."

"सांगशील तर माझं मेलं तोंड बघशील."

"अगं, आपल्याला काय झालंय हेच माहीत नसेल तर माणूस गोळी घेईल कशासाठी?"

"आन् माहीत झाल्यावर जगंल कशासाठी?"

 सगळं तरुणपण उषानं त्या एका रोगापायी घातलं होतं. त्याचं नाव तिनं आजवर किती वेळा लिहिलं, किती सभांत उभं राहून घेतलं, आणि इथं चुलीपाशी ते घ्यायची चोरी. ती पाटावर बसून पाकीट हातात फिरवत राहिली.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "मी तोंड मिटून ठेवते. पण उद्या तुमच्याबरोबर बाबांकडं येते."

गुरुवारी ती शेडात केशरबाईच्या शेजारी मांडी घालून बसली.  एकामागून एक माणसं फुंकून गेली तशी ती नुसती बघत राहिली. कुणाचं पाणी निवळतं, कुणाचं पांढरंच राहतं, भुजंग कुणासाठी डावीकडची घागर वाकवतो आणि कुणासाठी उजवीकडची. पुंजारामचं नाव पुकारलं, तेव्हा तीच उठली.

"आधी माझी छाती बघा, बाबा."

बाबांना कोण आनंद झाला! "या या! पुण्याच्या डाक्टरीणबाई! विज्ञान जिथं थकून बसतं ना, तिथून आमचं अंगण लागतं. फुंका!"

उषानं फुंकलं. पाणी पांढरं झालं. शेडात कुजबूज उठली.

"बघा! येवढ्या शिकल्यासवरल्या बाईच्या बी छातीत जीन!"

"हो ना," उषा म्हणाली. "आता तुम्ही फुंका."

"आं?"

"तुमच्या छातीत आहे का, ते बघू."

"आम्ही सिद्ध माणसं. आमच्या फुंकरीनं पाणी उकळंल."

"उकळू द्या की," केशरबाई मागून म्हणाली. "सगळ्यांचा चहा होईल."

हशा पिकला. उषानं पेला भुजंगपुढं केला. "मग भुजंगराव, तुम्ही. तुम्ही तर धडधाकट." भुजंग मागं सरकला. पण ज्या लोकांना तो रोज ढकलून रांगेत बसवायचा, त्यांनीच आज त्याला पुढं ढकललं. त्यानं नाइलाजानं देठ तोंडात धरला. पाणी पांढरं झालं.

"ह्याला बी जीन!" कुणीतरी ओरडलं.

"ह्याला तर जल्मापसून हाय," केशरबाई म्हणाली.

उषानं दाराकडं पाहून हाक मारली. "भिवादादा, एक सोडा फोडा. प्यायला नको, इकडं आणा."

भिवानं फट् करून गोटी आत ढकलली आणि फसफसती बाटली आणून दिली. उषानं पेल्यात ताजं तीर्थ घेतलं, तो सगळ्यांना दिसेल असा उंच धरला आणि त्यात थोडासा सोडा ओतला. पाणी पांढरं झालं. ताकासारखं. आता कुणी हसलं नाही. तिनं आणखी सोडा ओतला, आणखी ओतला. पांढरं विरलं, पाणी नितळ झालं.

"भिवादादा," ती म्हणाली, "तुमच्या गाडीवरच्या सगळ्या बाटल्यांना जीन लागलाय."

"आई शप्पथ, म्या काई केलं न्हाई!" भिवा म्हणाला, आणि आता मात्र शेड फुटलं.

हसू ओसरल्यावर तिनं सांगितलं. पेल्यातलं तीर्थ म्हणजे चुन्याची निवळी. सोड्यात जो वायू भरलेला असतो, तोच आपल्या श्वासातून बाहेर पडतो. रोग्याच्या, निरोग्याच्या, तान्ह्या लेकराच्या. तो निवळीत शिरला की ती पांढरी होते. आणखी बराच शिरला की पुन्हा नितळ होते. "ज्याची छाती भक्कम, तो फुंकत राहतो. त्याचं पाणी निवळतं. ज्याची छाती खरंच आजारी, त्याला तेवढं फुंकता येत नाही. त्याचं पांढरंच राहतं. म्हणजे बरा असलेला माणूस बरा ठरतो, आणि आजारी माणूस पुढच्या गुरुवारी परत येतो. आणि ज्याला बरं करून दाखवायचं, त्याला डाव्या घागरीतली पातळ निवळी."

केशरबाईनं पेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "अगं बया! निवळीच की! दात येतानी नातवाला पाजलेली म्या."

रांगेत रामकिसन गुरुजी बसले होते. दम्याचे जुने रोगी, आणि शाळेत सातवीला विज्ञान शिकवणारे. उषाला त्यांनीच शिकवलं होतं. ती त्यांच्याकडं वळली. "गुरुजी, काचेची नळी आणि चुन्याची निवळी, हा प्रयोग तुम्ही आम्हाला करून दाखवला होता."

"दरवर्षी दाखवतो," गुरुजी म्हणाले.

"मग ओळखलं नाही तुम्ही?"

गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पहिल्याच दिवशी ओळखलं, उषा. पण म्हनलं, आसंल बी. रातभर उशाला टेकून बसून काढली ना पोरी, की सकाळी पुस्तकातलं काई आठवंना होतं."

 बाबांनी तेवढीच संधी पकडली. "वा, बाई, वा! पण ह्या माणसाच्या छातीत जीन हाय, हे पैले कुणी सांगितलं? आम्ही? न्हाई! तुम्ही! विचारा भुजंगला!"

"म्या ह्या कानानं ऐकलं," भुजंग उसळून म्हणाला. "सोहनलालच्या डब्यावर. बराबर जीन म्हणल्या ह्या!"

सगळी तोंडं उषाकडं वळली. पुंजारामचंही.

"म्हणाले," उषा म्हणाली. ती नानांसमोर जाऊन खाली बसली. बोलली ती एकट्या त्यांच्याशीच, पण शेड ऐकत होतं. "तो जीन भुताचा नाही, नाना. माणसाच्या अंगातल्या कणाकणात हुकूम लिहिलेले असतात. कधी वाढायचं, कधी थांबायचं. त्या एकेका हुकुमाला जीन म्हणतात. आपल्या जीनमध्ये यंत्र चालू-बंद करायचा खटका असायचा ना?"

"व्हता की. डाव्या हाताला."

"तो चालूवरच अडकला तर?"

"तर रोलर थांबत न्हाई. कापूस येऊ येऊ तुंबतो. एकडाव तर आग लागल्ती."

"तुमच्या छातीत तसा एक खटका अडकलाय. का अडकला, ते आम्हाला अजून पुरतं कळलेलं नाही, खोटं कशाला सांगू? शोधून राहिलोय. पण ही गोळी तो खटका दाबून धरते. म्हणून तुम्ही मधे स्टेशनापर्यंत चालत होतात. गोळीनं, फुंकरीनं नाही. आता ती बंद आहे म्हणून दम लागतोय."

मग ती उठली आणि बाकीच्यांकडं वळली. "तुम्हालाही एवढंच सांगते. कुणी चमत्कार दाखवला की भांडू नका, शिव्या देऊ नका. फक्त म्हणा, हेच एखाद्या निरोगी माणसावर करून दाखवा. औषध असो, तीर्थ असो, माझी गोळी असो. विचारायला काही शिक्षण लागत नाही. खोटं असेल तर तिथंच उघडं पडतं."

भुजंग कधी उठून दाराकडं गेला ते कळलं नाही. बाबा पेले पुसून पेटीत भरायला लागले होते, घाईनं, पण एकही न फोडता. काही माणसं चपला शोधत होती. काही मात्र रांगेतून हलली नाहीत. नंबर जाईल म्हणून असेल, नाहीतर दुसरीकडं जायला ठिकाण नाही म्हणून.

पुंजाराम जागचा हलला नव्हता. उषाच्या हातातलं पाकीट त्यानं घेतलं, उलटसुलट करून पाहिलं.

"खटका कळला," तो म्हणाला. "गोळी बी कळली. पण तुंबून राह्यलंय ते काय हाय? त्याला काय म्हणतेत?"

 गुरुजींनी टोपी उचलून डोक्यावर घातली, परत काढली. भिवा रिकाम्या बाटलीतली गोटी खुळखुळवत राहिला. केशरबाईचं बोट सवयीनं छातीकडं गेलं आणि अर्ध्यावर थांबलं. येवढं ठासून बोलणारे बाबा, तेही पेटीत मान घालून बसले.

"गुरुजी?" पुंजारामनं विचारलं. "केशर? अरे, सगळ्यायला माहीत हाय, मलाच तेवढं न्हाई. उषे, तू तरी?"

 उषा द्वारकाबाईकडं बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती. ती नुसती थांबली होती.

द्वारकाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. निळे ओठ, गळ्यात खड्डा पडेल असा ओढलेला श्वास, आणि डोळे मात्र तेच, काही विचारलं की उत्तर मिळेपर्यंत न हलणारे. तिला वाटायचं तो शब्द आत शिरला की हा माणूस संपेल. शब्द तिनं दाराबाहेर अडवून धरला होता, आणि हा माणूस तर तिच्यासमोर संपत चालला होता. खऱ्या नावाची जागा तिनंच रिकामी ठेवली. भुजंगनं फक्त तिथं आपला जिन्न आणून बसवला.

ती उठली, माणसांच्या मधून वाट काढत पुढं गेली आणि पुंजारामसमोर बसली.

"माझ्याकडं बघा," ती म्हणाली.

त्यानं पाहिलं.

"कॅन्सर," द्वारकाबाई म्हणाली. "कॅन्सर झालाय तुम्हाला."